मेटल शीटवरचं सब्लिमेशन: चकाकी बिघडते तेव्हा काय तपासायचं

सब्लिमेशन म्हणजे कागदावर छापलेला रंग हीट प्रेसमध्ये तापवून, त्याची वाफ करून शीटवर उतरवणं. त्यात प्रिंट बिघडला की हात आपोआप तापमानाच्या बटणाकडे जातो. शीट निस्तेज दिसली, वाढव दहा डिग्री. कागद चिकटला, कर दहा डिग्री कमी. असं करता करता संध्याकाळपर्यंत चार-सहा शीट भंगारात जातात आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. पृष्ठभागाच्या तक्रारींपैकी खरोखर तापमानामुळे होणाऱ्या थोड्याच. बाकीच्यांच्या मागे ओल असते, धूळ असते, शीटवरच्या संरक्षक फिल्मचा उरलेला गोंद असतो, प्लेटखाली घालायच्या न चिकटणाऱ्या टेफ्लॉन शीटची सुरकुती असते, प्रेसच्या तळाचा पॅड दबलेला असतो. नाहीतर प्रेस उघडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात हातून झालेली गडबड असते. म्हणून बटणाला हात लावायच्या आधी डाग नीट वाचायचा.

इथलं सगळं ०.५ ते १ मिमी जाडीच्या, कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियम शीटबद्दल आणि साध्या फ्लॅटबेड हीट प्रेसबद्दल (वर तापणारी सपाट प्लेट, खाली मऊ सिलिकॉन पॅड) आहे. नेमप्लेट, मोमेंटो, ट्रॉफीच्या पट्ट्या, फोटो पॅनल ही त्यावरची नेहमीची कामं.

कोटिंग मऊ असतं तेव्हा

उघड्या ॲल्युमिनियमवर सब्लिमेशनचा रंग बसत नाही. रंग धरतं ते शीटवरचं पॉलिएस्टर जातीचं कोटिंग. प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंशांना कागदावरच्या रंगाची वाफ होते, त्याच उष्णतेने कोटिंग मऊ पडतं, वाफ त्यात शिरते आणि शीट थंड झाली की रंग आत कोंडला जातो. कोटिंग मऊ पडायला मात्र २०० अंश लागत नाहीत, ते १०० च्या बरंच खाली मऊ होऊ लागतं. याचा अर्थ असा, की प्रेस बंद झाल्यापासून शीट हाताला सोसवेल इतकी थंड होईपर्यंत वरचा थर कमी-जास्त मऊच असतो. त्या वेळात त्याला जे टेकेल त्याचा ठसा उठणार: कागदाचे धागे, टेफ्लॉनची विण, धुळीचा कण, वाफेचा बुडबुडा, बोट.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची सगळी तपासणी सोपी होते. प्रत्येक डागापुढे एकच प्रश्न विचारायचा: थर मऊ असताना याला काय टेकलं?

पायरी १: शीट ट्यूबलाइटखाली धरा

बिघडलेली शीट थंड झाल्यावर ट्यूबलाइटखाली अशी तिरकी धरा, की ट्यूबचं प्रतिबिंब तिच्यावर लांब पांढऱ्या पट्टीसारखं दिसेल. आता शीट हळूहळू हलवत ती पट्टी दोषाच्या जागेवरून फिरवा.

पट्टीची कड सरळ आणि धारदार राहिली आणि फक्त रंग फिका-गडद दिसला, तर पृष्ठभाग शाबूत आहे. दोष शाईत, प्रिंटरमध्ये किंवा ट्रान्सफरमध्ये शोधायचा. पट्टीची कड थरथरल्यासारखी झाली तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला आहे; रंगारी लोक याला ऑरेंज पील म्हणतात. पट्टी एका जागी धुरकट होऊन पुढे पुन्हा साफ झाली, तर तेवढ्या भागाची चकाकी गेली आहे. आणि एखाद्या ठिपक्याभोवती पट्टी वळसा घालत असेल तर तिथे फोड आहे, किंवा कोटिंगखाली अथवा शीटखाली काहीतरी अडकलं होतं.

हे एवढं केलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो. मला सर्वांत जास्त वेळा दाखवलं जाणारं उदाहरण म्हणजे बारीक ठिपक्यांची सरळ रेघ. लोक ती कोटिंगचा दोष म्हणून डीलरकडे घेऊन जातात. ट्यूबखाली धरली तर पट्टी अजिबात हलत नाही. त्या रेघा इंकटँक प्रिंटरमध्ये कागद बाहेर ढकलणाऱ्या दातेरी चाकांच्या असतात. ओल्या शाईवरून ती चाकं गेली की दर दाताला शाईचा एक ठिपका उचलला जातो. कागद थोडा जाड घ्या आणि पेपर टाइपची अशी सेटिंग निवडा, ज्यात शाई कमी पडते. हीट प्रेसला हात लावायची गरज नाही.

पायरी २: डाग कोणाचा ते ठरवा

पृष्ठभागच बिघडलाय हे नक्की झालं, की डागाचा मालक शोधायचा. मालक तीनच असू शकतात: शीट, प्रेस किंवा डिझाइन.

एकाच शीटमधून सारख्या मापाचे तीन-चार तुकडे कापा. पाठीमागे पेन्सिलीने किंवा टोच्याने बाण काढा. मार्कर वापरू नका, गरम झाल्यावर त्याची शाई पॅडवर उतरते आणि पुढच्या कामावर तिचा डाग येतो. पहिला तुकडा बाण वर ठेवून प्रेस करा. दुसरा तुकडा शीटसकट कागदही उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून, प्रेसच्या त्याच जागी प्रेस करा. तिसऱ्यात फक्त कागद फिरवा, शीटचा बाण पहिल्यासारखाच ठेवा.

तिन्ही तुकडे शेजारी ठेवून बघा. डाग तिन्ही वेळा प्रेसच्या एकाच कोपऱ्यात आला तर दोष प्रेसचा, पॅडचा किंवा टेफ्लॉनचा. कागदाबरोबर फिरला, म्हणजे गडद रंगाच्या पट्ट्यातच आला, तर शाई आणि ओल बघायची. आणि प्रेसमधली जागा किंवा डिझाइन काहीही असो, एका गठ्ठ्यातल्या तुकड्यांवर येतोय आणि दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांवर येत नाही, तर शीट.

याच्या जोडीला एक कोरा तुकडाही प्रेस करा. वर न छापलेला सब्लिमेशन पेपर ठेवायचा, वेळ-तापमान नेहमीचंच. कोऱ्या तुकड्याची चकाकी टिकली आणि छापलेल्याची गेली, तर प्रेस सुटला. गुन्हेगार ओली शाई. कोराच तुकडा खराब निघाला तर शाईबद्दल बोलण्यातच अर्थ नाही. एक तुकडा खर्च होतो आणि दिवसभराचा वाद मिटतो.

पायरी ३: शीट, फिल्म आणि कडा

शीटवर छपाईच्या बाजूला पातळ संरक्षक फिल्म असते. ती पारदर्शक असली तर घाईत काढायची राहून जाते, मग वितळून कागदाला आणि प्रेसला चिकटते. नखाने कोपरा उचलून बघायची सवय लावा. फिल्म कापण्याच्या वेळी राहू द्या, प्रेसच्या अगदी आधी काढा. ती सपाट धरून, एका कोपऱ्यातून, एकाच वेगाने ओढायची. मध्ये थांबलात तर थांबलेल्या जागी गोंदाची आडवी रेघ राहते. थंड शीटवर ती दिसत नाही. प्रेसनंतर मात्र धुरकट रेघ होऊन वर येते.

बरेच महिने पडून राहिलेल्या किंवा उन्हात ठेवलेल्या मालावर फिल्मचा गोंद जास्त उतरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या मायक्रोफायबर कापडाने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग प्रेस करायची. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावू नका. कोटिंग नीट भाजलेलं, म्हणजे बनवताना तापवून पक्कं केलेलं नसेल तर ते त्याने सुटून येतं.

तेच ॲसिटोन तपासणीला मात्र उत्तम. नव्या गठ्ठ्यातल्या एका कोऱ्या तुकड्यावर, कोपऱ्यात, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा वीस-पंचवीस वेळा घासा. चकाकी जराशी मंदावली तर ठीक. पांढरं कोटिंग बोळ्यावर उतरू लागलं किंवा जागा चिकट झाली, तर तो माल कच्चा आहे. कच्च्या कोटिंगवर कागद चिकटणारच, तुम्ही सेटिंग काहीही ठेवा.

आता कडा. कटिंग मशीनचं पातं बोथट असलं की शीटची एक कड किंचित खाली वाकते आणि तिला बोटाला लागणारी धार येते. कड वाकली की तिथे कागद टेकत नाही, म्हणून कडेला फिकी पट्टी दिसते. लोक दाब वाढवतात. दाब वाढवल्याने मधला भाग जास्त दबतो, कड आहे तशीच राहते. शीट आरशावर किंवा काचेवर पालथी ठेवून खालून फट दिसते का पाहा. दिसत असेल तर पात्याला धार लावून घ्या. आणि कडेची बारीक धार कानशीने मारून टाका, नाहीतर ती सिलिकॉन पॅड कापत राहते आणि पुढे त्या कापाचा ठसा मोठ्या पॅनलवर उमटतो.

धुळीचं वेगळं सांगायला नको, पण निळ्या ठिपक्यांचं सांगतो. पांढऱ्या भागात अधूनमधून निळे किंवा काळपट सूक्ष्म ठिपके येतात ते बहुधा कापडाच्या तंतूंचे असतात. त्याच टेबलावर टी-शर्ट, जर्सी होत असतील तर रंग लागलेले तंतू हवेत असतातच. शीट आणि कागद दोन्हीवरून चिकट रोलर फिरवा. शक्य असेल तर पंखा बंद ठेवून कागद लावा.

पायरी ४: ओल

कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्याला हे पाठ असायला हवं, आणि पुण्या-नाशिककडच्यांना जून ते सप्टेंबर.

हिशोब करून बघा. १०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) एक ए-४ कागद सुमारे ६.२ ग्रॅमचा असतो. त्यात सहा-सात टक्के पाणी धरलं, आणि पावसाळ्यात तेवढं सहज असतं, तर झालं साधारण ०.४ ग्रॅम. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना जवळपास १.७ लिटर वाफ होते. म्हणजे एका ए-४ कागदातून अर्ध्या लिटरहून जास्त वाफ निघते, ती २०० अंशांच्या प्लेटखाली दाबलेल्या अवस्थेत आणि खाली न झिरपणारं ॲल्युमिनियम असताना. कापडात ही वाफ आरपार निघून जाते. धातूच्या शीटवर ती कागद आणि कोटिंगच्या मधून कडेला पळते, आणि पळताना मऊ थरावर ढगासारखे धुरकट डाग, सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा किंचित उचललेले फोड सोडते. गडद रंगाच्या भागात हे जास्त दिसतं, कारण तिथे कागदातल्या पाण्यात शाईतला ओलावाही मिसळलेला असतो.

उपाय सगळे वेळखाऊ आहेत, पण त्यांना पर्याय नाही. छापलेला कागद लगेच प्रेसखाली घालू नका. हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा, काळी किंवा गडद निळी पार्श्वभूमी असेल तर आणखी थांबा. कागदाचं पाकीट उघडलं की उरलेले कागद झिपवाल्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. प्रेस करायच्या आधी कोरडा झालेला छापील कागद तापलेल्या प्लेटखाली, प्लेट न टेकवता, दहा-पंधरा सेकंद धरा. कुबट दमट हवेत कागद धरल्यावर त्याच्या कडा वर वळताना दिसतात, तीच ओल बाहेर पडतेय. रंग उडून जाईल अशी भीती नको. न टेकवता एवढ्या वेळात कागद तेवढा तापत नाही.

पॅडमध्येही ओल असते. सकाळी पहिलं काम करण्याआधी प्रेस तापली की दोन कोरे कागद घालून तीस सेकंद बंद ठेवा आणि ते कागद टाकून द्या. दिवसातला पहिलाच तुकडा खराब आणि नंतरचे चांगले, अशी तक्रार असलेल्या बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच काम होतं. खालच्या आणि वरच्या बाजूला दर वेळी नवा बटर पेपर किंवा कोरा न्यूजप्रिंट ठेवला, तर तो ओल शोषतो आणि आधीच्या कामाची शाई पॅडवर बसून पुढच्या शीटवर भुतासारखी उमटत नाही. तोच बटर पेपर आठवडाभर वापरणाऱ्यांना मी कधी समजावू शकलेलो नाही.

पायरी ५: प्रेस

डिस्प्लेवर २०० दिसतंय म्हणजे सेन्सरपाशी २०० आहे. कोपऱ्यात १८५ असू शकतं. इन्फ्रारेड बंदूक घेऊन मोजायला जाल तर एक गोम आहे: चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते, कारण चमकत्या धातूतून उष्णतेचं प्रारण कमी निघतं. प्लेटवर काळपट टेफ्लॉनचा थर असेल तर आकडा बराच विश्वासाचा. पण खरा उपाय म्हणजे थर्मोकपलचा तार-सेन्सर जोडता येणारा मल्टिमीटर. तार पॅड आणि कागदाच्या मध्ये ठेवून प्रेस हलक्या दाबाने बंद करा, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजा. कागदावर पाच आकडे लिहून प्रेसच्या अंगावर चिकटवून ठेवा. मग कुठल्या कोपऱ्यात छोटी कामं लावायची नाहीत ते दुकानातल्या पोरालाही कळतं.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष होतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १९० व्होल्ट मिळाले तर हीटर सुमारे ६८ टक्के ताकदीने चालतो. तो २०० अंश गाठतो, पण थंड शीट आत गेल्यावर पडलेलं तापमान भरून काढायला वेळ लावतो आणि टायमर मात्र तोच साठ सेकंद मोजतो. संध्याकाळच्या वेळी, किंवा एकामागोमाग घाईत काढलेल्या शीटवर रंग फिका आणि चकाकी विटकी येत असेल, तर दोन शीटच्या मध्ये डिस्प्ले पुन्हा पूर्ण आकड्यावर स्थिरावू द्या. तापमान वाढवून ठेवलंत तर रात्री व्होल्टेज वाढल्यावर तीच सेटिंग शीट जाळेल.

दाबासाठी गेज नसेल तर कागदाच्या पट्ट्या घ्या. प्रेस थंड असताना चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक पट्टी अर्धी बाहेर ठेवून बंद करा आणि एकेक ओढा. सगळ्या सारख्या जोराने निघाल्या पाहिजेत. एखादी सहज सुटली तर तिथे पॅड दबलेला आहे किंवा प्लेट तिरकी आहे. दबलेला सिलिकॉन पॅड उलटून एक हंगाम निघतो, त्यानंतर बदलायलाच हवा.

दाब कमीच बरा. टी-शर्टला घातलेला दाब शीटला लावला, की कागदाच्या तंतूंची जाळी मऊ कोटिंगमध्ये रुतते आणि चकाकी मंद होते. ट्यूबच्या प्रतिबिंबाची कड सगळीकडे सारखीच, बारीक दाणेदार झालेली दिसली तर हेच कारण. दाब इतकाच हवा, की कागद सगळीकडे टेकेल.

वेळ-तापमान किती? शीटवाल्याने दिलेलं असेल ते पहिलं. काहीच दिलेलं नसेल तर १९५ अंशांना ४५, ६०, ७५ आणि ९० सेकंदांचे चार तुकडे काढा, मध्यम दाबावर. डिझाइनमध्ये एक गडद काळा चौकोन, एक चेहरा आणि एक कोरी पांढरी जागा असू द्या. काळा भरीव आणि पांढरा स्वच्छ राहतो असा सर्वांत कमी वेळ निवडा. पांढरा पिवळसर होऊ लागला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. नोंद तुकड्याच्या पाठीवरच पेन्सिलीने करा. वही हरवते, तुकडा हरवत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पायरी ६: मधले थर आणि टेप

टेफ्लॉन शीट काचतंतूंच्या कापडावर केलेली असते. तिची विण पातळ कागदातून उमटू शकते आणि तिला पडलेली कायमची सुरकुती तर हमखास उमटते. ट्यूबखाली एखादी अगदी सरळ, लांब दरी दिसली आणि ती दर वेळी प्रेसमध्ये त्याच जागी येत असेल, तर टेफ्लॉनवर बोट फिरवा, सापडेल. ग्लॉसी शीटसाठी टेफ्लॉन आणि छापील कागदाच्या मध्ये एक सपाट बटर पेपर घालाच. टेफ्लॉन घडी घालून ठेवू नका, नळीवर गुंडाळा.

मॅट शीटचं दुखणं उलटं असतं. तिच्यावर जागोजागी चमकदार डाग पडतात, कारण जास्त दाब-उष्णतेने तिचा मुद्दाम खरखरीत ठेवलेला पृष्ठभाग सपाट होतो. दाब आधी कमी करा, मग वेळ.

टेपचा मुद्दा थोडा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. ६० सेंमी लांबीची शीट २५ वरून २०० अंशांवर गेली की जवळपास २.४ मिमी लांब होते. त्याच वेळी कागदातलं पाणी उडून कागद आकसतो. एक ताणला जातोय, दुसरा आखडतोय आणि तुम्ही चारही बाजूंनी हीट टेप (कागद शीटला धरून ठेवणारी, उष्णता सोसणारी टेप) घट्ट मारली आहे. मग कागदाला बारीक घडी पडते किंवा टेप सरकते. घडीच्या जागी चकाकी मोडलेली रेघ येते, सरकलेल्या जागी दुहेरी प्रतिमा. लहान नेमप्लेटला काही फरक पडत नाही. एक फुटाच्या वरच्या पॅनलला मात्र फक्त एका कडेला, किंवा लगतच्या दोन कडांना टेप मारा आणि बाकीच्या कडा मोकळ्या सोडा. टेप छापील भागावर येऊ देऊ नका, तिच्या जाडीची पायरी उमटते. कागद शीटच्या मापाला अगदी तंतोतंत कापू नका, चारही बाजूंनी थोडा मोठा ठेवा. आणि कापडासाठी मिळणारा चिकट सब्लिमेशन पेपर धातूला लावू नका. तो इथे फक्त कोटिंग उचलून आणतो.

शीट वर तोंड करून ठेवायची की पालथी? दोन्ही पद्धतींनी काम होतं, कारण ॲल्युमिनियम उष्णता झटकन वाहून नेतं. तोंड वर असेल तर वरून येणाऱ्या टेफ्लॉनचा ठसा उमटण्याचा धोका. तोंड खाली असेल तर पॅडवरच्या प्रत्येक कणाचा. पॅड नवा आणि सपाट असेल तर मी पालथी पसंत करतो, तापलेली कडक प्लेट शीटच्या पाठीवर येते आणि तोंडाला मऊ पॅड मिळतो. पॅड जुना असेल तर तोंड वर.

पायरी ७: प्रेस उघडल्यानंतर

टायमर वाजला की प्रेस हळू उघडा. झटक्याने उघडली तर कागद किंवा टेफ्लॉन वर ओढला जातो, क्षणभर सुटून पुन्हा टेकतो आणि अजून निघत असलेल्या वाफेने सावलीसारखी दुसरी प्रतिमा उमटते. जाड हातमोजे घाला, टेपच्या कडेच्या समोरची कड धरा आणि कागद एकाच ओढीत, गरम असतानाच काढा. अर्धवट काढून थांबलात तर थांबलेल्या जागी आडवी रेघ राहते, ट्यूबखाली ती लगेच दिसते. कागद लावून थंड होऊ दिलं तर कागदाचे तंतू घट्ट होणाऱ्या कोटिंगमध्ये अडकतात.

तरीही तंतू चिकटलेच तर नखाने खरवडू नका. शीट पूर्ण थंड झाल्यावर ओल्या मायक्रोफायबरने भिजवून, कागद भिजल्यावर हलकेच पुसा. कागद जागोजागी चिकटत असेल तर उष्णता किंवा वेळ जास्त आहे. सगळीकडे सारखा चिकटत असेल तर ॲसिटोनची परीक्षा घ्या.

गरम शीट वर तोंड करून सपाट धातूच्या किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर ठेवा. पातळ शीट असमान थंड झाली तर धनुष्यासारखी वाकते, म्हणून पाठ पूर्ण टेकली पाहिजे. पाण्यात बुडवू नका. एकावर एक रचू नका: गरम कोटिंगवर वरच्या शीटची पाठ टेकली की चकाकी गेलीच, शिवाय रंगही वर लागतो. ग्राहक समोर उभा असला तरी बोट लावून दाखवायचं नाही.

पुन्हा प्रेस करून दुरुस्ती होते का, असं नेहमी विचारतात. फिका आलेला प्रिंट कागद हलला नसेल तर लगेच पुन्हा दाबता येतो. कागद एकदा निघाला की जुळणी पुन्हा अचूक होत नाही, आणि नुसतीच शीट तापवली तर रंग पसरून अक्षरांच्या कडा मऊ होतात. चकाकी गेलेली शीट चाचणीच्या तुकड्यांसाठी ठेवा.

सिल्व्हर आणि गोल्ड ब्रश शीटबद्दल (धातूवर एका दिशेने बारीक रेघा असलेल्या) एवढंच: सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे फोटोतला पांढरा भाग धातूच्या रंगाचाच दिसतो. तो दोष नव्हे, ऑर्डर घेतानाच ग्राहकाला सांगायचा मुद्दा. ब्रशच्या रेघांची दिशा मात्र कापतानाच जुळवा, नाहीतर एकाच बक्षीस समारंभातल्या दहा ट्रॉफी दहा छटांच्या दिसतात.

माल परत करायचा असेल तर

सगळं तपासून दोष शीटचाच ठरला, तर डीलरकडे नुसता खराब प्रिंट नेऊ नका. तो तापमानाला दोष देऊन मोकळा होतो. आधीच्या चांगल्या गठ्ठ्याचा एक कोरा तुकडा जपून ठेवलेला असावा. तो आणि नव्या गठ्ठ्याचा कोरा तुकडा, दोन्ही शेजारी-शेजारी, एकाच वेळी, एकाच कोऱ्या कागदाखाली प्रेस करा. पाठीवर वेळ, तापमान आणि गठ्ठ्याच्या लेबलवरचा बॅच नंबर लिहा. ॲसिटोन घासलेला तुकडा सोबत घ्या. एकाच प्रेसमधून, एकाच वेळी निघालेले दोन तुकडे ट्यूबलाइटखाली धरल्यावर डीलरला तापमानावर बोट ठेवायला जागा राहत नाही. पूर्ण गठ्ठा कापायच्या आधीच ही चाचणी करा, कारण कापलेली शीट कुणीही परत घेत नाही.